सगळ्यांच्या मागे आंगणे गुरुजी

आमच्या चाळीच्या नळावर आंगणे गुरुजींना कधी पाणी मिळालं नाही.

पाणी नव्हतं असं नाही. सकाळी गिरणीच्या भोंग्याआधी यायचं आणि सगळ्यांचे हंडे भरेपर्यंत टिकायचं. पण गुरुजी रांगेत शेवटी उभे राहायचे, आणि त्यांच्यामागे कोणी आलं की बाजूला सरून म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे. मी मागे आहे." मग आणखी कोणी आलं की पुन्हा तेच. एखादी बाई दुसऱ्यांदा हंडा घेऊन आली तरी तिलाही पुढे. शेवटी नळ सूं सूं करून बंद पडला की गुरुजी रिकामी कळशी उचलून, भरलेली असावी तशी तोल सांभाळत, जिना चढायचे. वर आमची मंडळी, शेवंता, आमच्या हंड्यातलं पाणी त्यांच्या कळशीत ओतायची. ती मालवणकडची. म्हणायची, "गुरुजीनू, कळशी हयसरच ठेवा. जिन्याचो त्रास तरी वाचात."

"नाही वहिनी," गुरुजी म्हणायचे, "रांगेत उभं राहायलाच हवं."

चाळीतले लोक म्हणत, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला होताच. डेन्मार्कात झाला होता.

लालबागला आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा होती. गिरणीवाल्यांची पोरं तिथे जायची. आंगणे गुरुजी तिथले हेडमास्तर, आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत एकटे राहायचे आणि आमच्याकडे जेवायचे. आमचं घर म्हणजे खानावळ. कोकणातून एकटी आलेली गिरणीतली माणसं पाळी सुटली की शेवंताच्या हातचं जेवायला यायची. त्यांच्यात खिशाला पेन लावलेला माणूस एकच, गुरुजी.

आधी ते चार हेडमास्तरांसारखेच होते. काळी टोपी, हातात छडी, आणि आवाज असा की शाळेत खेकसले तर नाक्यावरचा पानवाला चुना सांडायचा. मग दोन देशांनी मिळून काहीतरी ठरवलं. तिकडचे हेडमास्तर इकडे येणार, इकडचे तिकडे जाणार, आणि शाळा चालवायची कशी ते एकमेकांकडून शिकणार. त्यात गुरुजींचं नाव लागलं. आम्ही खानावळीत हसलो. हेडमास्तरकी शिकायला बोटीतून जायचं? मी गिरणीत मागावर होतो; आमच्या साळखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, कुठे शिकायला गेला होता? मिशी मोठी, आवाज मोठा, झाला जॉबर.

दिवाळीनंतर गेले ते पावसाळ्याआधी परत आले. मोठा आवाज तिकडेच ठेवून आले. छडीही नव्हती. माझ्या शेजारी बसून, भात कालवत, अगदी गुपित सांगितल्यासारखं मला म्हणाले, "राघोबा, तिकडे हेडमास्तर पुढे उभा राहत नाही. पोरांच्या मागे उभा राहतो. पुढे उभं राहिलं की पोरांना फक्त आपण दिसतो. मागे उभं राहिलं की पोरांना जे दिसतं ते आपल्याला दिसतं."

मी म्हटलं, "आणि कोण पळून जातंय तेही दिसतं."

गुरुजी इतके खूश झाले की हातातला घास ताटात पडला. "तेही! तेही दिसतं!"

तेव्हापासून हा माणूस मागे गेला तो गेलाच. शाळेच्या प्रार्थनेला मागे. भजनाला मागे. लग्नाच्या वरातीत मागे. खानावळीत शेवटच्या पंगतीला. माशांच्या आमटीत तोवर नुसती आमटी उरलेली असायची. शेवंता एक तुकडी वेगळी काढून भाताखाली लपवायची आणि वाढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "गुरुजीनू, मासो संपलो हां!" गुरुजी भाताचा ढीग फोडायचे, खाली तुकडी सापडायची, आणि रोज तितकंच नवल करायचे. मला वाटायचं, एवढा शिकलेला माणूस, याला रोजच्या रोज कळत कसं नाही? आता वाटतं, कळत असावं.

सुट्टीच्या दुपारी जेवणं उरकली की माणसं तिथेच भिंतीला पाठ लावून बसायची. गुरुजींचं जेवण चालूच असायचं. मग ते बर्फाचं सांगायचे. रात्रभर पडतो, आवाज नाही. सकाळी दार उघडावं तर गाव नाहीच. झाड नाही, रस्ता नाही, नुसतं पांढरं.

"म्हणजे आमच्या खात्यात कापूस उडतो तसं?" कोणीतरी विचारायचं.

"अगदी तसं," गुरुजी म्हणायचे. "पण खोकला येत नाही."

 छातीत कापूस भरलेली ती माणसं डोळे मिटायची आणि खोकला न येणाऱ्या त्या पांढऱ्यातून चालायला लागायची. मीही चालायचो. बाहेर चिमणीचा धूर, ट्रामची घंटा, खालच्या मजल्यावर कोणाचं तरी भांडण, सगळं हळूहळू त्या बर्फाखाली जायचं. शेवंता खरकटी ताटं हातात घेऊन तशीच उभी राहायची. एकदा म्हणाली, "आणि थयली पोरां शाळेत कशी जातत?"

"हेडमास्तर पहाटे उठतो, वहिनी. शाळेच्या पायऱ्यांवरचा बर्फ झाडतो. पहिलं पोर यायच्या आत वाट झालेली असते. कोणी केली, ते पोरांना ठाऊकही नसतं."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी शाळेच्या पायऱ्या झाडायला लागले. बर्फ नव्हता, पण गिरणीतून उडून आलेला कापूस पायऱ्यांवर बसायचा, तो झाडायचे. शाळेचा शिपाई माझ्याकडे रडत आला. "राघोबा, तुमच्याकडे जेवतो त्या हेडमास्तराला सांगा. माझी नोकरी घालवतोय." मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी फार विचार केला आणि तोड काढली. शिपायाला त्यांनी वर्गात नेऊन बसवलं आणि पोरांना गलबताच्या गोष्टी सांगायला लावल्या. शिपाई मूळचा देवगडचा तांडेल, गलबत हाकणारा. त्याला गोष्टी सांगायला लागल्यावर थांबवता येईना. घंटा द्यायची राहून गेली आणि त्या दिवशी शाळा दिवेलागणीपर्यंत चालली.

शाळेतल्या इतर मास्तरांचे हाल झाले. आधी मीटिंग म्हणजे गुरुजी बोलणार, बाकीचे माना हलवणार. आता गुरुजी सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवायचे आणि विचारायचे, "आपण काय करू या?" आमच्या खालच्या मजल्यावर दाभोळकर मास्तर राहायचे, जुने, कडक, छडीवर प्रेम करणारे. ते मला जिन्यात गाठून सांगायचे.

"राघोबा, मी म्हटलं, साहेब, तुम्ही सांगाल ते करू. तर म्हणतात, मी सांगणार नाही. मी म्हटलं, मग आम्ही करायचं काय? तर म्हणतात, तेच तर विचारतोय! अहो, चहा निवेपर्यंत आम्ही सगळे गोल बसून एकमेकांचे गुडघे बघत होतो!"

त्या गोलात पहिल्यांदा तोंड उघडलं ते कांबळेबाईंनी. घोडपदेवहून यायच्या. शाळेत नव्या, वयाने सगळ्यांत लहान. त्यांच्या घरच्यांनी नुकताच बुद्धाचा धर्म घेतला होता. दाभोळकर मास्तर त्यांच्या शेजारी बसताना सतरंजीची कड जरा आपल्याकडे ओढून घ्यायचे. बाईंना ते दिसायचं. दिसून त्या सरळ बसायच्या.

बाई म्हणाल्या, "पोरं दुपारी पेंगतात. दुसरी पाळी सुटून माणसं घरी येतात, दिवा लागतो, ताटं वाजतात, एवढ्याशा खोलीत पोरांची झोप मोडते. आपण त्यांना दुपारी थोडा वेळ झोपू द्यावं."

"ही शाळा आहे की धर्मशाळा?" दाभोळकर म्हणाले.

"विचार करू या," गुरुजी म्हणाले. हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिलं, "मी मागे आहे."

विचार झाला, आणि शाळा दुपारी झोपायला लागली. मी एकदा पाळी नव्हती म्हणून बघायला गेलो. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही. सगळे वर्ग सतरंजीवर आडवे. कोणाचा पाय कोणाच्या पोटावर, कोणाची वेणी कोणाच्या तोंडावर, आणि कोण सावंताचं, कोण कांबळ्याचं, काही कळायला मार्ग नाही. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आलेला, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते. अख्खी शाळा एका सुरात श्वास घेत होती. सगळ्यांच्या मागे गुरुजी पुठ्ठ्याने माश्या हाकत बसले होते. दाभोळकर मास्तर खुर्चीत तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, आणि कांबळेबाई आपल्या पदराने त्यांच्या नाकावरची माशी उडवत होत्या.

बाहेर मात्र कोणी झोपलं नव्हतं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, म्हणून सगळं गिरणगाव उठलं होतं. आज सभा, उद्या हरताळ, परवा मोर्चा. शाळेला मोर्चाचा आवाज आला की पोरं खिडकीला लटकायची. एके दिवशी मोठा मोर्चा निघाला आणि चौथीतली काही पोरं मागच्या दाराने सटकून त्यात घुसली.

गुरुजींनी काळी छत्री उचलली आणि धावले. मोर्चाला मागून गाठलं. मागून, कारण त्यांना दुसरीकडून जाता येतच नव्हतं. शेवटच्या रांगेच्याही मागे चालत एकेक पोर हुडकायचं, बखोटीला धरायचं आणि घरी पिटाळायचं, असं चाललं होतं. मी त्याच मोर्चात मध्यावर होतो. गुरुजींची छत्री लांबून दिसत होती.

पुढे नाक्यावर काय झालं ते आम्हाला कळलं नाही. ओरडा झाला, पळापळ झाली आणि सगळा मोर्चा जागच्या जागी उलटा फिरला. पुढचे मागे आले, मागचे पुढे. आणि सगळ्यांच्या मागे असलेले आंगणे गुरुजी, छत्री उंच धरून, "हळू! हळू चला! पोरं आहेत!" असं ओरडत, सगळ्यांच्या पुढे! गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे होते. त्यांना काय दिसलं? एक चष्मेवाला, हातात काळी छत्री, आणि त्याच्यामागे धावत येणारं अख्खं लालबाग. त्यांनी बरोबर पुढाऱ्याला धरलं.

चौकीत विचारलं, "तुम्ही पुढारी?"

"नाही हो. मी मागे होतो."

"पकडल्यावर सगळे मागेच असतात," फौजदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा चौकीबाहेर माणसं हार घेऊन उभी. घोषणा चालू. हार गळ्यात पडायच्या वेळी गुरुजींनी वळून मागे बघितलं, हार कोणासाठी आहे ते बघायला. मागे फौजदार होता. त्याने मान हलवून खूण केली, तुम्हालाच आहे, घ्या.

आम्ही पोट धरून हसलो. शेवंता हसली नाही. ती म्हणाली, "हसतत काय मेले! आता त्यांची शाळा जातली ता कोणाच्या ध्यानात इला काय?"

तिचं बरोबर निघालं. शाळाखात्याच्या साहेबांनी गुरुजींना बोलावून घेतलं. हेडमास्तर मोर्चाच्या अग्रभागी! पोरं दुपारी झोपतात! शिपाई वर्गात, हेडमास्तर झाडू मारतो! अशा माणसाला बदलून लांब कुठेतरी टाकायला हवा. पण डेन्मार्कातल्या ज्या शाळेत गुरुजी शिकले, तिथल्या हेडमास्तरीण मार्ताबाई इकडच्या शाळा बघायला यायच्या होत्या. साहेब म्हणाले, "त्या येऊन जाऊ देत. शाळा पाहून काय म्हणतात बघू. मग तुमचं ठरवू."

त्या दिवसापासून गुरुजींचं जेवण तुटलं. लालबाग सोडून जाणार कुठे? गावचं घर चुलतभावांनी घेतलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं सगळ्यांनी, उत्तर मिळालं नाही. माणूस सकाळी शाळेत, दुपारी शाळेत, संध्याकाळी आमच्या पंगतीला. याच्यापलीकडे त्यांना जगात काही नव्हतं. भाताखालची तुकडी भाताखालीच राहायला लागली.

"विचार करू या म्हणतत ना सारखे?" शेवंता मला म्हणाली. "आता एकटे विचार करतत बघा."

मार्ताबाई यायच्या दिवशी दाभोळकर मास्तरांनी गुरुजींना दम दिला. "साहेब, आज तरी पुढे उभे राहा! तुमच्या बदलीचा प्रश्न आहे!" कांबळेबाई म्हणाल्या, "हो गुरुजी, तुम्ही रोज मागे सावलीत उभे राहता आणि आम्ही पुढे उन्हात. आज एक दिवस बदली घ्या." गुरुजींनी इस्त्रीचा कोट घातला आणि शाळेच्या पायरीवर सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. बघवत नव्हतं. कोणीतरी भिंतीवर चुकीच्या जागी टांगलेल्या तसबिरीसारखे दिसत होते.

मार्ताबाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पायांत पुरुषी बूट. बरोबर शाळाखात्याचे साहेब. गुरुजींनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पहिलीतलं एक पोर एवढ्या मोठ्या बाईला बघून भोकाड पसरून गेटबाहेर पळालं. गुरुजी त्याच्यामागे. झालं. स्वागत तिथेच संपलं.

पुढचं मी कुंपणाबाहेरून बघितलं. माझ्यासारखी निम्मी चाळ तिथे होती. चौथीतली एक मुलगी सरळ गेली आणि तिने मार्ताबाईंचा हात धरला. तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती त्यांना वर्गावर्गांतून फिरवायला लागली. कांबळेबाई जोडीला, न अडखळता इंग्रजीत बोलत होत्या. शिपायाने फळ्यावर गलबत काढून शिडं समजावली. मग दुपार झाली आणि पोरं आपापल्या सतरंज्या पसरून झोपली. मार्ताबाई बूट काढून त्यांच्यात जाऊन बसल्या. साहेबांना उभं राहावं की बसावं कळेना. शेवटी दाभोळकर मास्तरांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना "श्श!" केलं. शाळाखात्याच्या साहेबांना!

निघताना साहेब घाम पुसत म्हणाले, "आणि हेडमास्तर कुठे आहेत?"

गुरुजी गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. मांडीवर ते पहिलीतलं पोर, रडून रडून झोपलेलं, आणि त्याचं नाक गुरुजींच्या इस्त्रीच्या कोटाला.

मार्ताबाई साहेबांना काहीतरी बोलल्या. कांबळेबाईंनी आम्हाला नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या शाळा बघितल्या. हेडमास्तर कुठे आहेत हे निघेपर्यंत विचारायची गरज पडली नाही अशी ही पहिलीच."

गल्लीत पेढे वाटले. गुरुजींची बदली टळली. त्या संध्याकाळी शेवंताने सुरमई केली आणि गुरुजींनी पहिल्यांदा स्वतःहून आणखी भात मागितला.

मग काही काळ गेला आणि महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. लालबागला त्या रात्री जी रोषणाई झाली ती मी डोळे मिटले की अजून दिसते. शेवंता गॅलरीत उभी होती, तिच्या तोंडावर खालच्या दिव्यांचा उजेड हलत होता. ती म्हणाली, "गुरुजींच्या बर्फासारखा सगळा उजळला." ती काय बोलायची कधी कधी, मला त्या वेळी कळायचं नाही.

नव्या राज्याला नव्या शाळा हव्या होत्या, आणि शाळांना नवे हेडमास्तर. त्यांना शिकवणार कोण? साहेबांना मार्ताबाईंचं बोलणं आठवलं. ज्याच्यावाचून शाळेचं अडत नाही, त्याला शाळेत ठेवायचा कशाला? गुरुजींना हुकूम आला. मोठी जागा, मोठा मान, हेडमास्तरांना शिकवणारे हेडमास्तर. नाशिकच्या पलीकडे कुठेतरी, माळावर. लोकांनी पुन्हा हार आणले.

आयुष्यभर जे शिकले ते पुरं साधलं, आणि साधलं म्हणूनच लालबाग सुटलं. याला काय म्हणायचं? मी तर साहेबाला शिवी दिली. गुरुजी म्हणाले, "नाही राघोबा, बरोबर आहे त्यांचं. कांबळेबाई शाळा माझ्याहून चांगली चालवतील." चालवलीच बाईंनी पुढे. दाभोळकर मास्तर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर छडी शोधायचे.

जायच्या दिवशी गुरुजी आमच्याकडे एक लोखंडी ट्रंक घेऊन आले. मोठी, हिरवी, कुलूप लावलेली. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "नको नको, जड आहे." स्वतःच दारातून आत आणली, धापा टाकत.

"वहिनी, एवढी बरोबर नेता येत नाही. इथे ठेवू का? पुढच्या खेपेला नेईन."

आमची खोली ती केवढी. खानावळीचे डबे, पाट, भांडी. मी तोंड उघडणार होतो. शेवंताने कॉटखालचे डबे बाहेर ओढले आणि तिथे जागा केली. "ठेवा. तुमचाच घर आसा."

मग गणपतीला गुरुजी ट्रंक न्यायला आले. जेवले, बर्फाचं सांगितलं, आणि निघताना म्हणाले, "आज गर्दी आहे. पुढच्या खेपेला नेतो." दिवाळीला आले. मे महिन्यात आले. दर वेळी ट्रंक न्यायलाच यायचे, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचं. आमची पोरं मोठी झाली, खानावळ बंद पडली, माझी गिरणी सुटली, ट्रंक कॉटखाली होती तिथेच. मी कधी वैतागून तिला हात लावायला गेलो की शेवंता ओरडायची, "हात लावू नकात! जड आसा ती. कमरेत भरात तुमच्या!" आणि स्वतः मात्र रोज सकाळी ती ट्रंक ओढून खाली झाडू मारायची, पुसायची, पुन्हा आत ढकलायची. मला वाटायचं, बाईच्या अंगात ताकद आहे.

शेवंता गेल्याला फार दिवस झाले नाहीत. दिवसकार्य उरकलं, पोरं आपापल्या घरी गेली, आणि एका दुपारी गुरुजी आले. फार म्हातारे झालेत. डोळ्यांना कमी दिसतं. माझ्यासमोर बसून राहिले. मीही बसून राहिलो.  खोलीत तिचा आवाज नसला की तो नसल्याचाच आवाज येतो.

मग म्हणाले, "राघोबा, ट्रंक नेतो आज. वहिनी होत्या तोवर ठीक होतं. आता तुम्हाला कशाला अडचण?"

माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "न्या."

ते खाली वाकले.  कडी सापडेना. मी उठलो, दुसऱ्या बाजूची कडी धरली, पाय रोवले, सगळा जोर काढून ओढली आणि मागच्या मागे भिंतीवर आपटलो.

ट्रंक रिकामी होती. आतून काही वाजलंसुद्धा नाही.

गुरुजी माझ्याकडे बघत नव्हते. जमिनीकडे बघत होते, चोरी पकडलेल्या पोरासारखे. एवढी वर्षं हा माणूस एक रिकामा डबा आमच्या कॉटखाली ठेवून, माझं सामान लालबागला आहे, असं सगळ्या जगाला सांगत होता. आणि ती रोज त्या डब्याखाली झाडत होती, आणि मला म्हणत होती, जड आहे.

मी ट्रंक पायाने हळूच परत आत सरकवली. कमरेवर हात ठेवून वाकलो.

"गुरुजी," मी म्हटलं, "फार जड आहे ही. आपल्या दोघांच्याने उचलायची नाही. राहू द्या. पुढच्या खेपेला बघू."

ते चष्मा काढून पुसत राहिले. मी स्टोव्हला काडी लावली आणि दोघांचे तांदूळ धुतले.